भाच्याला अटक झाली, पण ठेवलाय कुठे? नाशिकमध्ये नोंद कशी शोधायची?

सावतानगरची मावशी
सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार. मी सिडकोत सावतानगरला राहते, अंबडच्या कंपन्यांत दुपारचे डबे पुरवते. माझ्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांपासून माझ्याकडे राहून एका वर्कशॉपमध्ये काम करतो. वीस पूर्ण झाली. खरं नाव इथे देत नाही, ज्ञानेश्वर समजा.

शनिवारी तो मित्रांबरोबर एका यात्रेला गेला होता, नाशिकच्या बाहेर, दुसऱ्या तालुक्यात. तिथे गाडी लावण्यावरून मारामारी झाली आणि रात्री पोलिसांनी याला आणि आणखी दोघांना उचललं. मला कळलं रविवारी सकाळी, तेही त्याच्या मित्राच्या फोनवरून. ठाण्यातून आम्हाला कुणाचाही फोन आला नाही. डबा घेऊन गेले तर म्हणाले, "कोर्टात नेलाय." दुपारी पुन्हा विचारलं तर, "एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, जेलला गेला." कुठल्या जेलला म्हटलं तर, "नाशिकरोडला असेल."

आज तीन डबे रद्द करून नाशिकरोड जेलला गेले. गेटवरच्या शिपायाने दोनदा रजिस्टर बघितलं, नीट बोलला, पण या नावाचा कुणी आलाच नाही म्हणाला. "गुन्हा नंबर आणि पोलीस स्टेशन लिहून आणा" असं सांगून कागदाचा कपटा परत दिला. ठाण्यात फोन लावला तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला, "मुलगा आत आहे, पाच हजार पाठवा, भेट घालून देतो." त्याला माझं नाव कुठून कळलं कोण जाणे. पैसे पाठवले नाहीत, पण मन थाऱ्यावर नाही.

बहीण सुरगाण्याकडच्या पाड्यावर असते. तिच्याकडे साधा फोन आहे आणि ती दर तासाला विचारते, "पोरगं सापडलं का?" सरकारची अशी काही यादी असते का, की नाव टाकलं की माणूस कुठल्या जेलात आहे ते दिसेल? मोबाईल मला बऱ्यापैकी वापरता येतो. फक्त कुठे बघायचं ते सांगा.

पंचवटीकर
सोमवार, रात्री १०:४५

ताई, केंद्र सरकारचं ई-प्रिझन्स नावाचं पोर्टल आहे. त्यावर ई-मुलाकात म्हणून भेटीची नोंदणी करता येते. राज्य, जेल, बंद्याचं नाव आणि तुमचं ओळखपत्र एवढं भरावं लागतं. माझ्या चुलत्यांच्या वेळी आम्ही व्हिडिओवर भेटलो होतो. मात्र तिथे आधी जेल निवडावं लागतं, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. पाच हजारवाल्याला एक रुपयाही देऊ नका. तो नंबर १९३० वर कळवा.

तीस वर्षं कोर्टात
सोमवार, रात्री ११:३०

ताई, आधी पाणी प्या आणि मग हे वाचा. मी नाशिकच्या कोर्टात फौजदारी वकिलांकडे एकतीस वर्षं कारकून होतो, आता निवृत्त आहे. तुमच्यासारख्या मावश्या, आज्या, बायका सीबीएस बसस्टँडवर उतरून कोर्टाच्या फाटकाशी "आमचा माणूस कुठेय" म्हणत उभ्या राहिलेल्या मी रोज बघितल्या आहेत. तुमचा भाचा सापडणार. तो हरवलेला नाही, त्याचा कागद तुमच्या हाती आलेला नाही एवढंच.

तुम्ही विचारता तशी यादी आपल्याकडे लोकांसाठी उघडी नाही. ई-प्रिझन्सवर जेलमधल्या बंद्यांची नोंद असते, पण ती जेलच्या आणि कोर्टाच्या कामासाठी. कुणीही नाव टाकावं आणि माणूस बाहेर यावा, अशी तिची सोय नाही. म्हणून शोध नावापासून सुरू करायचा नाही, गुन्हा नंबरापासून करायचा. गेटवरच्या शिपायाने तुम्हाला अगदी बरोबर सांगितलं. गुन्हा नंबर कळला की कोर्ट कळतं आणि कोर्टाने काढलेल्या जेल वॉरंटवर जेलचं नाव असतं.

उद्या उठल्याबरोबर महाराष्ट्र पोलिसांचं नागरिक पोर्टल उघडा. त्यात प्रकाशित एफआयआर असं एक पान आहे. जिल्हा निवडताना नीट बघा. 'नाशिक शहर' आणि 'नाशिक ग्रामीण' असे दोन वेगळे जिल्हे दिसतात, कारण शहराला पोलीस आयुक्त आहेत आणि बाकीच्या तालुक्यांना पोलीस अधीक्षक. तुमची यात्रा तालुक्यातली, म्हणजे ग्रामीण. तारीख शनिवार आणि रविवार दोन्ही घाला, कारण रात्री बारानंतर नोंद झाली असेल तर तारीख बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला आहे की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा, अडचण असली तरी ७२ तासांच्या पुढे जायचं नाही. लैंगिक गुन्हे, लहान मुलांवरचे अत्याचार, दहशतवाद असले संवेदनशील गुन्हे तेवढे वगळले आहेत. तुमचं प्रकरण त्यात बसत नाही, तेव्हा उद्यापर्यंत दिसायला हवं.

नावावरून शोधू नका. फिर्यादीत पुष्कळदा "अनोळखी तीन इसम" एवढंच असतं. ठिकाण, वेळ आणि भांडणाचं कारण यांवरून ओळखा. मिळालं की वर गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल असेल, ते वहीत लिहा. कलमंही उतरवून घ्या, पुढे जामिनाला ती लागतात.

आता शनिवार-रविवारची गोष्ट, कारण गाडी इथेच अडली असावी. अटक केल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. रविवारी नेहमीचं कोर्ट बंद. मग सुट्टीच्या दिवशी ज्या न्यायाधीशांची पाळी असते त्यांच्यापुढे नेतात. ते दुसऱ्या कोर्टातले, कधी दुसऱ्या गावचेही असू शकतात. कागद सोमवारी मूळ कोर्टात जातात. घरचे लोक मूळ कोर्टात विचारतात, तिथला माणूस म्हणतो आमच्याकडे काही नाही, आणि सगळे घाबरतात. म्हणून त्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन फौजदारी कारकुनाला असं विचारा: "रविवारी सुट्टीच्या कोर्टात रिमांड झाला, गुन्हा नंबर अमुक, वॉरंट कुठल्या जेलचं निघालं?" या शब्दांत विचारलंत तर तो रजिस्टर उघडेल.

ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या खटल्यांच्या संकेतस्थळावरही बघा, पण आज तिथे काही दिसलं नाही तर खचू नका. दोषारोपपत्र येईपर्यंत नियमित खटल्याचा नंबर पडत नाही. रिमांडची किंवा जामीन अर्जाची नोंद दिसली तर दिसते. पोलीस स्टेशन आणि एफआयआर नंबर टाकून शोधायची वेगळी खिडकी आहे, ती वापरा. पक्षकाराच्या नावाने शोधायचं झालं तर पूर्ण नाव टाकू नका. तीन अक्षरं लागतात, तेवढीच टाका. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत मी स्वतः पाच तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. कुणी डीपासून सुरू करतो, कुणी जीपासून, कुणी जेपासून. वडिलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट होतं ते वेगळंच. आडनावाची पहिली तीन अक्षरं टाकून यादी आली की एकेक ओळ डोळ्यांनी बघा. खटला सापडला की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो. तो मिळाला की स्पेलिंगची कटकट कायमची संपते.

आणि फोन आला नाही म्हणालात, त्यावर मनापासून सांगतो. नातेवाइकाला कळवणं ही पोलिसांची मेहेरबानी नव्हे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८ सांगतं की अटक कुणाची झाली आणि त्याला कुठे ठेवलं आहे, हे त्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला लगेच कळवायचं. कुणाला कळवलं त्याची नोंद ठाण्याच्या वहीत करायची. कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळक दिसेल असं लावायचं, त्यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. तिकडे गेलात तर भांडू नका, पण शांतपणे म्हणा: "अटक केलेल्यांचा फलक बघायचाय." त्या वाक्याने फरक पडतो.

सावतानगरची मावशी
मंगळवार, सकाळी ८:०५

काका, सापडला एफआयआर! मी काल रात्रभर 'नाशिक शहर' घालून शोधत होते. ग्रामीण घातल्यावर तिसरा होता. नावं नाहीत, "अनोळखी तीन ते चार इसम" एवढंच आहे, पण यात्रा, पार्किंग, रात्री साडेनऊ, सगळं जुळतं. कलम ११८(२) लिहिलंय आणि लोखंडी रॉडचा उल्लेख आहे. आमच्या पोराच्या हातात रॉड होता यावर माझा विश्वास नाही. डबे शेजारणीवर सोपवले. साडेनऊच्या बसने निघते.

तीस वर्षं कोर्टात
मंगळवार, सकाळी ८:३०

नव्या भारतीय न्याय संहितेचं ११८(२) म्हणजे जुन्या दंड संहितेचं ३२६. हत्याराने गंभीर दुखापत, अजामीनपात्र. म्हणूनच ठाण्यातून सुटका झाली नाही आणि कोठडी मिळाली. रॉड कुणाच्या हातात होता ते पुढे वकील बघतील, आज फक्त जेलचं नाव आणायचं. त्याच्या आधार कार्डाची आणि तुमच्या आधाराची दोन-दोन झेरॉक्स घ्या. नातं सांगताना "मावशी, माझ्याच घरी राहतो" असं सांगा. जमल्यास त्याच पत्त्याचा काही कागद न्या.

आणि ताई, नाशिकरोडला नाव नव्हतं यावरून मला वाटतं तो तालुक्याच्या सबजेलला असावा. तालुक्याच्या कोर्टातून न्यायालयीन कोठडी मिळालेले आरोपी पुष्कळदा तिथेच ठेवतात. ही दुय्यम कारागृहं तहसीलदारांच्या अखत्यारीत असतात, मोठ्या जेलच्या गेटवरच्या रजिस्टरात त्यांची नावं येत नाहीत. कोर्टात वॉरंट बघा आणि मगच पुढे जा.

जर्सीत लेक आहे
मंगळवार, दुपारी १२:१०

हा धागा वाचून जीव तुटला. माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडे फेडरल तुरुंगात असलेल्या किंवा राहून गेलेल्या माणसाचं नाव टाकलं की वय, नोंदणी क्रमांक, सध्या कुठे ठेवलाय, सुटकेची तारीख, सगळं घरबसल्या कळतं. १९८२ पासूनच्या नोंदी त्यात आहेत. काउंटीच्या जेलांची वेगळी पानं असतात, पुष्कळ ठिकाणी फोटोसुद्धा. ज्याच्यावर गुन्हा घडला त्यालाही आरोपी सुटला की फोन किंवा निरोप जातो, तशी व्हाइन (VINE) नावाची सेवा आहे. आपल्याकडे एका मावशीला दोन दिवस दारोदार फिरावं लागतं. सरळ यादी उघडी का करत नाहीत? लपवण्यासारखं काय आहे?

तीस वर्षं कोर्टात
मंगळवार, दुपारी १:४०

तुमची कळकळ कळते, आणि घरच्यांना एका तासात कळलं पाहिजे यात माझं दुमत नाही. पण सगळ्यांना सगळं उघडं करा म्हणाल तर मी हात वर करणार नाही. कारण सांगतो.

आमच्या ऑफिसात सातपूरचा एक मुलगा यायचा. चोरीच्या गुन्ह्यात नाव गोवलेलं, साडेचार वर्षं तारखा, आणि शेवटी निर्दोष सुटला. पेढे घेऊन आला होता. दोन महिन्यांनी तोंड पाडून परत आला. एका कारखान्यात त्याची निवड झाली होती, पण त्यांनी ई-कोर्ट्सवर नाव टाकलं आणि खटला दिसला. "निर्दोष" हा शब्द निकालाच्या प्रतीत, शेवटच्या पानावर. तिथपर्यंत कुणी गेलंच नाही. मी त्याला निकालाची प्रमाणित नक्कल काढून दिली, ती त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पुढच्या प्रत्येक मुलाखतीला नेली. नुसत्या खटल्याच्या ओळीने एवढं होतं, तर जेलमधला फोटो सगळ्या गल्लीला दिसला असता तर त्याच्या बहिणीचं लग्न तरी ठरलं असतं का? तुमच्या अमेरिकेतच असे फोटो उचलून खाजगी संकेतस्थळांवर टाकायचे आणि काढून टाकायला पैसे मागायचे, असा धंदा चालला. तो थांबवायला काही राज्यांना कायदे करावे लागले.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. चारातले तीन. त्यांची यादी भिंतीवर लावायची की घरच्यांच्या हातात द्यायची, हा माझ्या मते साधा प्रश्न आहे. घरच्यांना द्या, वकिलाला द्या, आणि फिर्यादीला आरोपी सुटल्याचं कळवा. ओळख पटवून, ओटीपी घेऊन द्या. ई-मुलाकातीत ओळख पटवायची सोय आहेच, तिथेच "तुमचा माणूस इथे आहे" एवढं उत्तर यायला हवं. आज ते येत नाही आणि त्याचा मला राग आहे.

विधी शाखा, तिसरं वर्ष
मंगळवार, दुपारी २:१५

काकांनी सांगितलेलं मी वर्गात शिकतेय, त्यामुळे दोन गोष्टी जोडते. मावशी, वकिलाच्या फीची चिंता असेल तर कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. त्यात उत्पन्नाची अट नाही. नाशिकला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याला तालुका समिती असते. १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो. भाचा कुठे आहे ते कळायच्या आधीसुद्धा तुम्ही तिथे जाऊ शकता, कारण त्यांचे वकील आणि विधी स्वयंसेवक जेलमध्ये जातात आणि त्यांना आतून विचारता येतं.

दुसरं, माहिती अधिकार. अर्जाला एरवी तीस दिवस लागतात, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यायचं असं कलम ७(१) मध्येच आहे. अर्जाच्या डोक्यावर तसं स्पष्ट लिहायचं. महाराष्ट्रात शुल्क दहा रुपये, विषय एकच आणि शब्द दीडशेच्या आत.

आणि कुणीच पत्ता लागू देत नसेल, चोवीस तास उलटूनही कोर्टापुढे नेल्याचा कागद नसेल, तर मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी करणारी याचिका. तुमच्या बाबतीत ती वेळ येऊ नये, पण ते दार आहे हे माहीत असावं.

काळाराम सत्याग्रहींचा नातू
मंगळवार, सायंकाळी ६:३०

मावशी, तुमचा भाचा सापडू दे, आम्ही सगळे वाट बघतोय. तोवर नावाच्या घोळाबद्दल माझंही सांगतो.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्यात आमचे आजोबा होते आणि त्यांनी कैद भोगली, असं घरात लहानपणापासून ऐकत आलो. कागद एकही नाही. मी पाच वर्षं शोधतोय. जेलमध्ये विचारलं, तिथे इतक्या जुन्या नोंदी बघायला मिळाल्या नाहीत. शेवटी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे तिथे बसलो. इंग्रजांच्या गृहखात्याच्या विशेष शाखेच्या फाइली तिथे आहेत. चौथ्या फेरीत शिक्षा झालेल्यांची एक टंकलिखित यादी मिळाली. आजोबांचं आडनावच नाही त्यात. नाव, बापाचं नाव, जात आणि गाव. गावाचं स्पेलिंग असं की वाचणाऱ्याला कोकणातलं वाटावं. मी ते ओळखलं फक्त पणजोबांच्या नावावरून, कारण "धोंडू" आमच्या भावकीत एकच होता.

बोटाने ती ओळ धरून मी बराच वेळ तसाच बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सापडलं वाटतं?" मला बोलताच येईना.

१९७२ मध्ये केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झाली तेव्हा तुरुंगवासाचा पुरावा लागायचा, आणि सरकारी नोंद नसेल तर बरोबरच्या कैद्यांचं प्रमाणपत्र चालायचं. आजोबांनी अर्जच केला नाही. मंदिरात जाण्यासाठी भोगलेली कैद कुणी स्वातंत्र्याच्या लढ्यात धरेल असं त्यांना वाटलं नव्हतं, असं आजी सांगायची. म्हणून म्हणतो, मावशी, प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा, वॉरंटची, रोजनाम्याची, सगळ्याची. आज चुकीचं लिहिलेलं नाव पुढे कुणाला तरी शोधावं लागतं.

सावतानगरची मावशी
मंगळवार, रात्री ९:५०

सापडला. भेटून आले.

कोर्टात पहिल्या खिडकीवर नाही म्हणाले. मग काकांनी लिहिलं होतं तसंच्या तसं म्हटलं, "रविवारी सुट्टीच्या कोर्टात रिमांड, गुन्हा नंबर अमुक." त्या कारकूनदादांनी मान वर केली, मागच्या टेबलावरचा गठ्ठा ओढला आणि पाच मिनिटांत कागद काढला. नाव "ग्यानेश्वर". वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव आणि आडनावाच्या जागी गाव. मी म्हटलं हा आमचा नाही. ते म्हणाले, ताई, वय बघा, पत्ता बघा, सावतानगर आहे ना? माझ्या घराचा नंबर होता त्यावर. खाली वॉरंट तालुक्याच्या सबजेलचं. काका, तुम्ही म्हणालात तेच.

सबजेल तहसील कचेरीच्या मागेच निघालं, कोर्टापासून चालत दहा मिनिटं. परवानगीला तास लागला. जाळीपलीकडे उभा राहिला तेव्हा डाव्या हाताला पट्टी होती. मी काही विचारायच्या आत त्यानेच गुन्हा नंबर म्हणून दाखवला, सालासकट, न अडखळता. म्हणाला, "मावशी, इथे आल्यापासून सगळे तेच विचारतात, पाठ झालाय." आणि मग, "आईला काय सांगितलंस?" मला रडू आलं, त्याला नाही आलं. ठाण्यात माझाच मोबाईल नंबर त्याने दिला होता म्हणतो. मला तो फोन आलाच नाही.

बाहेर येऊन बहिणीला फोन लावला. ती काही बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "जेवला का तो?"

विधी सेवावाल्यांचा वकील उद्या सकाळी भेटणार आहे. सगळ्यांचे उपकार मी कसे फेडू?

तीस वर्षं कोर्टात
मंगळवार, रात्री १०:३०

वाचून फार बरं वाटलं. उपकार कसले, ताई. आता एक काम तेवढं विसरू नका, ते फार महत्त्वाचं आहे.

नाव. जामीन अर्ज खऱ्या नावाने टाकला आणि वॉरंटवर "ग्यानेश्वर" राहिलं, तर जामीन मंजूर होऊनही सुटका अडते. सुटकेचा आदेश जेलमध्ये पोहोचतो, तिथला माणूस दोन कागद शेजारी ठेवतो, नाव जुळत नाही म्हणून परत पाठवतो. त्यात चूक त्याची नाही, भलताच माणूस सोडला तर त्याची नोकरी जाईल. पण मध्ये शनिवार-रविवार आला तर पोरगं आणखी तीन रात्री आत. मी हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून उद्या वकिलांना पहिल्याच वाक्यात सांगा की आधारवरचं नाव हे, वॉरंटवरचं नाव ते, अर्जात "उर्फ" घालून दोन्ही लिहा आणि नाव दुरुस्तीचा वेगळा अर्जही द्या. गुन्हा नंबर, ठाणं आणि सबजेलचं नाव प्रत्येक कागदावर.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलेलं आहे की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे जायला हवी. तरीसुद्धा तुम्ही स्वतः एक प्रत हातात ठेवा आणि पोहोचली का म्हणून फोन करून विचारा.

११८(२) ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज नाकारला तर घाबरून जाऊ नका, सत्र न्यायालयात टाकता येतो. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्कच मिळतो, ती तारीख कॅलेंडरवर आजच मांडून ठेवा, पहिल्या रिमांडपासून मोजून. जामीनदार म्हणून शेती असलेला कुणी बघा, सातबारा ताजा काढायला सांगा. हाताला पट्टी आहे म्हणालात, तर वकिलांना सांगून त्याच्या वैद्यकीय तपासणीचा कागद मागवा. मार त्यालाही लागला, हे नोंदीत यायला हवं.

सावतानगरची मावशी
बुधवार, दुपारी ४:१५

अर्ज टाइप झाला, "उर्फ" घालून. वकीलबाईंनी नाव दुरुस्तीचा वेगळा अर्जही त्याच वेळी दिला, म्हणाल्या बरं झालं आधी सांगितलंत. वैद्यकीय कागद मागवलाय. सुनावणी शुक्रवारी. बहीण उद्या सकाळच्या सुरगाणा गाडीने येतेय, दिरांच्या नावावरचा सातबारा घेऊन. सीबीएसवर घ्यायला जाणार आहे.